परक्या देवळाचा उंबरठा

लहान मूल सोबत असले की प्रवासाचा वेग मंदावतो. मोठी माणसे जे पाहायला जातात त्याविषयी त्यांनी आधीच काहीतरी वाचलेले किंवा ऐकलेले असते. मुलाचे तसे नसते. ते जे पाहते ते पहिल्यांदाच पाहते, त्याविषयी विचारते, आणि उत्तर मिळेपर्यंत पुढे पाऊल टाकू देत नाही. धर्माच्या बाबतीत तर मुलांचे प्रश्न टाळणे फारच कठीण. गोरेगावच्या गुरुविद्यालयात आम्हांला बौद्ध धर्म शिकवला गेला होता. चार आर्यसत्ये, अष्टांगिक मार्ग, हीनयान आणि महायान हे सारे परीक्षेपुरते मुखोद्गत होते. परंतु त्या ज्ञानाची खरी कसोटी लागली ती पुढे अनेक वर्षांनी, जपानमधल्या देवळांच्या पायऱ्यांवर, आणि परीक्षक होती पाच वर्षांची एक मुलगी.

ही मुलगी माझ्या थोरल्या बहिणीची नात. आम्हा आठ भावंडांत ही बहीण सर्वांत थोरली, आणि मी शेंडेफळ. तिचे सासर मनोरीतच, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. तिचा धाकटा मुलगा, म्हणजे माझा भाचा, नोकरीनिमित्त पत्नी व मुलीसह जपानमध्ये योकोहामा येथे राहत होता. "मामा, एकदा या," असा त्याचा आग्रह बरीच वर्षे चालला होता. २०१९ साली ईस्टर २१ एप्रिलला आले आणि त्याच वर्षी १ मे रोजी जपानमध्ये नवे सम्राट गादीवर बसणार असल्यामुळे तेथे २७ एप्रिलपासून सलग दहा दिवसांची सार्वजनिक सुट्टी जाहीर झाली. उपवासकाळ आणि पवित्र आठवडा आटोपून महागुरूंची परवानगी घेऊन मी निघालो. सुट्टीत देवळे पाहायची असा भाच्याचा बेत होता, कारण जपानमध्ये जाऊन देवळे न पाहणे म्हणजे वेरूळला जाऊन लेणी न पाहण्यासारखेच.

निघण्याच्या आदल्या दिवशी मार्व्याहून तरीने मनोरीला गेलो आणि बहिणीचा निरोप घेतला. तिने मुलाकरिता सुके बोंबील आणि बाटलीमसाला बांधून दिला, आणि मग हलक्या आवाजात म्हणाली, "फादर, पोरीला त्या देवळांत नेऊ नका. लहान आहे. काय पाहील, काय मनात घेईल." मी हसून विषय बदलू पाहिला, पण तिने तो बदलू दिला नाही. "आपला गोन्सालो तिथंच मेला ना?" ती म्हणाली.

हा प्रश्न मला दीर्घकाळ पुरला. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. उत्तर कोकणच्या घराघरांत त्यांची तसबीर आहे. ज्या भूमीने आपल्या संताला क्रुसावर दिले, तेथील देवळांत त्या संताच्या लेकरांनी कौतुकाने हिंडावे काय? बहिणीचा विश्वास अडाणी नव्हता. तिने विचारलेला प्रश्न मोठमोठ्या ईशज्ञान पंडितांनीही विचारलेला आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्तेतर धर्मांविषयी एक छोटेसे निवेदन प्रसिद्ध केले. त्यात बौद्ध धर्माचा नावानिशी उल्लेख आहे, आणि अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असा त्याचा आशय आहे. हे मी अनेकदा प्रवचनातून सांगितले आहे. परंतु निवेदन वाचणे वेगळे, आणि मुलीचे बोट धरून देवळाचा उंबरठा ओलांडणे वेगळे. उंबरठ्यावर सिद्धान्त पुढे होत नाही. हात कुठे ठेवायचे, मान लववायची की नाही, हे तिथल्या तिथे ठरवावे लागते.

पहिले देऊळ तोक्योच्या असाकुसा भागातील सेन्सोजी. दारावर माणसाच्या दुप्पट उंचीचा तांबडा कागदी कंदील, पुढे दुतर्फा दुकानांची लांबच लांब गल्ली आणि सुट्टीची अफाट गर्दी. आपल्याकडच्या सणाची आठवण व्हावी असाच सारा थाट. गल्ली संपली की अंगणात एक मोठे धूपपात्र आहे. लोक त्याभोवती उभे राहून हातांनी धूर आपल्या डोक्याकडे, छातीकडे, दुखऱ्या गुडघ्यांकडे ओढून घेत होते. आमच्या नातीने तो वास ओळखला आणि मोठ्याने विचारले, "फादर-आजोबा, इथेपण मिस्सा आहे?" मी तिला सांगितले की मिस्सा नाही, पण इथली माणसेसुद्धा धूप वर जातो तशी आपली प्रार्थना वर जावी असे मानतात. बाजूला हात धुण्यासाठी पाण्याचे कुंड होते. आधी डावा हात, मग उजवा, मग ओंजळीत पाणी घेऊन तोंड खंगाळायचे. चर्चच्या दारातल्या पवित्र पाण्यात बोटे बुडवण्याची तिला सवय होती, तेव्हा हेही तिला परके वाटले नाही.

या देवळाची जन्मकथा भाच्याने मला सांगितली आणि मी ती मनोरीच्या माणसाच्या कानांनी ऐकली. इसवी सन ६२८ मध्ये सुमिदा नदीत मासे पकडणाऱ्या दोघा कोळी भावांच्या जाळ्यात एक लहानशी मूर्ती आली. ती होती कान्नोनची, करुणेच्या बोधिसत्त्वाची. गावच्या प्रमुखाने आपल्या घराचेच देऊळ केले. ती मूळ मूर्ती आजही आत आहे असे मानतात, परंतु ती कोणालाही दाखवली जात नाही. वांद्र्याच्या मोत माउलीची मूर्ती समुद्रात एका कोळ्याला सापडल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दोन्ही कथांचा इतिहास काय तो इतिहासकारांनी ठरवावा. मला एवढेच जाणवले की रात्रीच्या अंधारात पाण्यावर जाणारी माणसे कुठेही सारखीच भितात आणि त्यांना पाण्यातूनच आईचा आधार यावा असे सारखेच वाटते. १० मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात सेन्सोजीचे मुख्य देऊळ जळून गेले. आजची वास्तू १९५८ साली नव्याने उभी राहिली.

तोक्योहून बुलेट गाडीने आम्ही क्योतोला गेलो. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दिवसाला एक देऊळ पुरे. दुसऱ्या देवळात मूल पाय ओढू लागते, तिसऱ्यात ते रडते, आणि मग आईबाप एकमेकांवर चिडतात. देवळांच्या अंगणात बहुधा खडी अंथरलेली असते आणि पायऱ्या उंच असतात. बाबागाडी तेथे उपयोगी पडत नाही, खांदाच कामास येतो. भाचेसून पिशवीत समुद्रशेवाळात गुंडाळलेले भाताचे गोळे ठेवी. त्यांच्या बळावर आम्ही पुष्कळ काही पाहिले.

क्योतोचे सांजूसानगेन्दो हे देऊळ सुमारे १२० मीटर लांबीचे एकच लाकडी दालन आहे. पहिली वास्तू ११६४ सालची. ती आगीत गेल्यावर सध्याची १२६६ मध्ये बांधून झाली. पादत्राणे बाहेर काढून मोज्यांनी आत शिरावे लागते आणि छायाचित्रे घेण्यास मनाई आहे. आत अर्धवट अंधारात कान्नोनच्या १००१ सोनेरी मूर्ती रांगांत उभ्या आहेत. मध्यभागी एक मोठी बसलेली, आणि दोन्ही बाजूंना पाचपाचशे. प्रत्येकीला अनेक हात, प्रत्येकीच्या मस्तकावर लहान लहान मुखांचा मुकुट. नातीने विचारले, "हिला इतके हात कशाला?" भाचेसून म्हणाली, "पुष्कळ जणांना एकदम उचलून घ्यायला." धर्मशास्त्राच्या ग्रंथात याहून वेगळे काही दिलेले नाही.

तेथे उभा असताना माझे मन मात्र बोरिवलीला पोहोचले होते. कान्नोन म्हणजे आपलाच अवलोकितेश्वर. भारतात तो पुरुषरूपात आहे. चीन आणि जपानमध्ये जाता जाता त्याला मातेचे रूप आले. कान्हेरीच्या एका लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर कोरलेला आहे. दुसऱ्या एका लेण्यात तो मध्ये उभा आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना संकटात सापडलेली माणसे त्याचा धावा करीत आहेत. त्यांत बुडणाऱ्या गलबताचेही दृश्य आहे. कल्याण आणि सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी कान्हेरीला दाने दिली, ही माणसे समुद्रावर जाणारी होती. आमच्या गावाहून खाडी ओलांडून तासा-दोन तासांत जेथे जाता येते, तेथून निघालेली एक करुणेची कल्पना मी हजारो मैलांवर सोन्याने मढवलेली पाहत होतो. शाळेच्या सहलीत कान्हेरीला आम्ही काय पाहिले? माकडे आणि पाण्याची टाकी!

नारा येथे तोदाइजीच्या देवळात कांस्याचा महाबुद्ध आहे, सुमारे १५ मीटर उंचीचा. इसवी सन ७५२ मध्ये या मूर्तीचे डोळे रंगवून तिची प्रतिष्ठापना झाली तेव्हा तो विधी करणारा भिक्षू भारतीय होता. त्याचे नाव बोधिसेन. तो ७३६ मध्ये जपानला पोहोचला होता आणि परत कधीच आला नाही. त्याने धरलेल्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या हातांत धरल्या होत्या, म्हणजे डोळे उघडण्याच्या पुण्यात सर्वांचा वाटा. आमच्या नातीला अर्थात महाबुद्धापेक्षा बाहेरची हरणे अधिक आवडली. ती बिस्किटाकरिता मान लववतात. देवळातील एका खांबाला तळाशी बुद्धाच्या नाकपुडीएवढे म्हणून एक भोक ठेवले आहे आणि मुले त्यातून सरपटत पलीकडे जातात. रांग मोठी होती, पण ती उभी राहिली, आत शिरली आणि दुसऱ्या बाजूने हसत बाहेर आली. तिला टाळ्या वाजवणाऱ्यांत पिवळी छत्री धरलेले एक अनोळखी जपानी आजोबाही होते.

तेथून आम्ही नागासाकीला गेलो. सहलीच्या यादीत हे ठिकाण माझ्या आग्रहाने घातले होते. निशिझाका टेकडीवर सव्वीस हुतात्म्यांचे स्मारक १९६२ साली, म्हणजे त्यांना संतपद मिळाल्याच्या शताब्दीस उभारले गेले. दगडी भिंतीवर सव्वीस कांस्यमूर्ती ओळीने आहेत. क्योतोहून ऐन हिवाळ्यात चालवत आणलेली ही माणसे. त्यांत गोन्सालो आहेत, आणि ओळीत तीन मूर्ती इतरांहून बुटक्या आहेत. नातीला त्या ताबडतोब दिसल्या. लुईस बारा वर्षांचा, आंतोनियो तेरा वर्षांचा, तोमास कोझाकी चौदा वर्षांचा. तोमासचे वडीलही त्याच ओळीत आहेत. वाटेत त्याने आईला लिहिलेले निरोपाचे पत्र इतिहासाने जपून ठेवले आहे. नात बराच वेळ त्या मुलांच्या पायांकडे पाहत राहिली. तिने काही विचारले नाही. मीही काही सांगितले नाही.

नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मनात आकार घेऊ लागले. १६१४ साली जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर सर्वत्र बंदी आली. पुढे प्रत्येक कुटुंबाला एखाद्या बौद्ध देवळात नावनोंदणी करणे सक्तीचे झाले. संशयितांना येशूच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय द्यायला लावीत. धर्मगुरू उरले नाहीत. तरीही काही खेड्यांतील शेतकरी व कोळी यांनी स्नानसंस्कार आणि प्रार्थना पिढ्यान्पिढ्या गुप्तपणे चालू ठेवल्या. घरात मरियेची मूर्ती ठेवणे म्हणजे मरण; तेव्हा त्यांनी बाळाला कडेवर घेतलेली पांढऱ्या चिनी मातीची कान्नोनची मूर्ती ठेवली आणि तिच्यासमोर नमो मरिया म्हटले. आज त्या मूर्तींना मारिया-कान्नोन म्हणतात. १७ मार्च १८६५ रोजी, परकीयांसाठी नुकत्याच बांधलेल्या ओउरा चर्चमध्ये उराकामी गावची काही माणसे आली. त्यांतील एका स्त्रीने फादर पेतीजाँ यांच्या कानाशी येऊन सांगितले की आमचे आणि तुमचे अंतःकरण एकच आहे, आणि विचारले की पवित्र मरियेची मूर्ती कुठे आहे. अडीचशे वर्षांनंतरचा तो प्रश्न! बंदी प्रत्यक्षात उठली ती १८७३ साली.

जबरदस्तीने वाकवलेली मान आणि आपण होऊन लववलेली मान या दोन गोष्टी वरून सारख्या दिसतात, परंतु त्यांच्यामध्ये गोन्सालोंचा क्रूस उभा आहे. आपला विश्वास सोडा म्हणून कोणी तलवार उपसली तर मान ताठ ठेवायची, हे त्यांनी शिकवले. पण जेथे कोणी तलवार उपसलेली नाही, जेथे एक म्हातारी आपल्या नातवासाठी मेणबत्ती लावते आहे, तेथे ताठ मानेने उभे राहण्यात कसले हौतात्म्य? त्या छळाच्या काळातही त्या भाविकांना कान्नोनच्या मुखात आपली माता दिसू शकली. त्यांनी कान्नोनचा तिरस्कार केला नाही. तिच्या पदराखाली आपली आई लपवली.

५ मे रोजी रविवार होता. जपानमध्ये हा बालदिन. घरोघरी बांबूच्या काठ्यांवर कापडी कार्प मासे वाऱ्यावर फडफडत होते. सकाळी योकोहामात मिस्सा केली आणि दुपारी कामाकुराला गेलो. किनाऱ्याकडे एक चिमुकली गाडी जाते. तिच्यातून उतरताच समुद्राचा आणि वाळत घातलेल्या मासळीचा वास आला. जवळ्यासारखी दिसणारी बारीक पांढरी मासळी हे तेथले वैशिष्ट्य आहे. भाचा डोळे मिटून म्हणाला, "मामा, मनोरी." तेथला कांस्याचा बुद्ध १२५२ सालापासूनचा. त्याच्यावर एकेकाळी असलेले देऊळ वादळ आणि लाटांनी नेले. पाच शतकांहून अधिक काळ तो उघड्यावर ऊनपाऊस सोशीत बसलेला आहे. थोडे पैसे भरून त्याच्या पोटात शिरता येते. नातीला त्यात भारी मौज वाटली.

जवळच टेकडीवर हासेदेरा हे कान्नोनचे देऊळ आहे. तेथली नऊ मीटर उंचीची लाकडी मूर्ती समुद्रावर वाहत किनाऱ्याला लागली, अशी आख्यायिका आहे, पुन्हा समुद्रच. पण त्या मूर्तीपर्यंत जाण्याआधी, पायऱ्यांच्या मध्यावर, आम्ही थबकलो. तेथे हातभर उंचीच्या दगडी बालमूर्ती ओळीने उभ्या होत्या, शेकड्यांनी. गोल चेहरे, मिटलेले डोळे, जोडलेले हात. कुणाच्या गळ्यात तांबडे लाळेरे, कुणाच्या डोक्यावर लोकरीची टोपी, कुणापुढे भिरभिरे. हा जिझो, म्हणजे संस्कृतातला क्षितिगर्भ. जन्मापूर्वी किंवा जन्मताच गेलेल्या बाळांचा तो रखवालदार आहे. परलोकीच्या नदीकाठी ती बाळे दगड रचीत बसतात आणि जिझो त्यांना आपल्या अंगरख्याच्या बाहीत लपवून सांभाळतो, असे जपानी लोक मानतात. प्रत्येक मूर्ती कुणा ना कुणा आईबापांनी आणून ठेवलेली असते.

पुढे जे लिहितो आहे ते माझ्या भाच्याच्या आणि भाचेसुनेच्या अनुमतीने लिहितो आहे. दोन वर्षांपूर्वी सहाव्या महिन्यात त्यांचे दुसरे बाळ गेले होते. घरात त्याविषयी कोणी बोलत नसे. तेव्हा मुलगी अवघी तीन वर्षांची होती. तिला काही आठवत नसेल, असेच सर्वांनी धरले होते. भाच्याने ती बाळे कसली हे तिला थोडक्यात सांगितले. तिने ओळीवरून नजर फिरवली आणि विचारले, "आपलं बाळ यांत कुठलं?"

भाचेसून पायरीवर बसली. किती वेळ ती रडली ते मी सांगू शकत नाही. भाचा तिच्यामागे उभा होता आणि त्याचा हात तिच्या खांद्यावर होता. दोन वर्षांत त्या दोघांनी एकमेकांसमोर रडण्याची ती पहिलीच वेळ, हे नंतर त्यानेच मला सांगितले. नात गोंधळली. तिने आपल्या डोक्यावरची टोपी काढली आणि एका बोडक्या मूर्तीकडे ती घेऊन निघाली. भाच्याने माझ्याकडे पाहिले. त्याच्या नजरेत प्रश्न होता, आणि तो त्याच्या आईचाच प्रश्न होता.

मी नातीजवळ गुडघे टेकून बसलो. तिला म्हटले, "हे बाळ दुसऱ्या कुणाचे आहे, बेटा. त्याच्या आईबाबांनी ते इथे ठेवले आहे, आपण त्याला हात लावायचा नाही. आपले बाळ येशूजवळ आहे. त्याच्यासाठी आपण आपली प्रार्थना म्हणू." मग आम्ही चौघांनी क्रुसाची खूण केली आणि 'आमच्या स्वर्गातील बापा' मराठीतून म्हटली. नात सर्वांत मोठ्याने म्हणत होती. शेजारी एक जपानी बाई मूर्तीवर पाणी घालीत होत्या. आमचा आवाज ऐकून त्या थांबल्या आणि प्रार्थना संपेपर्यंत हात जोडून उभ्या राहिल्या. आम्ही 'आमेन' म्हणताच त्यांनी आमच्याकडे वळून मान लववली. आम्हीही लववली. त्यांनी कोणाला मान दिली आणि आम्ही कोणाला, हे ठरवायला तेथे कोणी पंडित नव्हता.

परतल्यावर पहिल्याच आठवड्यात मनोरीला गेलो. बहिणीला सारे सांगितले, काही लपवले नाही. ती बराच वेळ गप्प बसली. मग उठून मागच्या पडवीत गेली आणि वाडीतल्या एका माडाकडे बोट दाखवून म्हणाली, "तिथं माझा पहिला आहे." १९६८ साली तिला मुलगा झाला तो मृतच. त्या काळच्या नियमानुसार स्नानसंस्कारावाचून गेलेल्या बाळाला आशीर्वादित दफनभूमीत जागा मिळत नसे. भावोजींनी एका लाकडी पेटीत घालून संध्याकाळी त्याला वाडीत पुरले. त्याला नाव दिले गेले नाही. पन्नास वर्षांत ती हे कोणाशीही बोलली नव्हती. आपल्या मुलांशीसुद्धा नाही. "त्या देवळात त्यांची जागा आहे म्हणतोस?" तिने विचारले. मला 'फादर' म्हणायचे ती त्या दिवशी विसरली होती.

आपली ख्रिस्तसभा आता तेथे थांबलेली नाही, हे मी तिला सांगितले आणि वाचकांनाही सांगू इच्छितो. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार, ज्या बाळाला स्नानसंस्कार देण्याची आईबापांची इच्छा होती पण ते आधीच गेले, त्याचा अंत्यविधी चर्चमध्ये करण्यास महागुरू अनुमती देऊ शकतात. २००७ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने प्रसिद्ध झालेल्या ईशज्ञान आयोगाच्या निवेदनात, अशी बाळे परमेश्वराच्या दर्शनाला पोहोचतात अशी आशा धरण्यास भक्कम आधार आहे, असे म्हटले आहे. नियम आहे, आशा आहे. परंतु आईला जेथे जाऊन उभे राहता येईल अशी जागा आपल्या किती धर्मग्रामांत आहे? शोकाला जागा लागते. त्याला नुसता सिद्धान्त पुरत नाही.

त्याच वर्षी २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, आमच्या धर्मग्रामात दफनभूमीतल्या मोठ्या क्रुसाखाली आम्ही एक टोपली ठेवली. तीत लहान मेणबत्त्या होत्या. मिस्सेनंतर एवढेच सांगितले की ज्यांचे बाळ जन्मापूर्वी किंवा जन्मताच गेले असेल त्यांनी एक लावावी. नाव सांगण्याची गरज नाही, कोणी विचारणारही नाही. मला वाटले होते दोघी-तिघी तरुण माता येतील. आल्या त्यांत पांढऱ्या केसांच्या बायका अधिक होत्या. काही पुरुष आले, एकेकटे. मेणबत्त्या कमी पडल्या तेव्हा वेदीसेवक मुलांना धावत पाठवून आणखी आणवल्या. माझी बहीणही मनोरीहून आली होती. तिने मेणबत्ती लावली आणि मला म्हणाली, "मी त्याचं नाव गोन्सालो ठेवलंय."

आईबापांना एक विनंती आहे. मुलांना दुसऱ्यांच्या प्रार्थनास्थळांत न्यायला भिऊ नका. त्यासाठी जपानला जाण्याची गरज नाही. मनोरीच्या शेजारीच गोराईला २००९ साली जगभर ख्यात झालेला विपश्यना पॅगोडा उघडला. त्याचा घुमट एकात एक अडकवलेल्या दगडांचा आहे, आत एकही खांब नाही, आणि आठ हजार माणसे तेथे एकत्र ध्यानाला बसू शकतात. खाडीपलीकडे कान्हेरी आहे. मुलांना न्या, पादत्राणे जागेवर काढायला शिकवा, आवाज खाली ठेवायला शिकवा. आपण काय मानतो आणि तेथली माणसे काय मानतात ते दोन्ही खरेखरे सांगा. एकाची दुसऱ्यात सरमिसळ करू नका आणि एकासाठी दुसऱ्याची चेष्टाही करू नका. ज्या मुलाला स्वतःची प्रार्थना तोंडपाठ आहे ते परक्या देवळात हरवत नाही. आमची नात हरवली नाही. तिच्यापाशी जे होते तेच तिने तेथे म्हटले.

गोराईचे आपले जुने चर्च तीन राजांच्या नावाने आहे, ही गोष्ट मला अलीकडे फार महत्त्वाची वाटू लागली आहे. ते राजे पूर्वेकडून आले. ते इस्राएली नव्हते. बेथलेहेमच्या त्या घरात शिरताना पवित्र मरियेने त्यांना त्यांचा धर्म विचारला असे शुभवर्तमानात कोठेही नाही. तिने त्यांना आत घेतले आणि आपले बाळ दाखवले.